प्लाझ्मातील लाट खरोखर ‘दिसली’ का?

‘शास्त्रज्ञांना अमुक दिसले’ हे वाक्य आपण वर्गात किती सहज बोलतो! पेशीतील केंद्रक दिसले, गुरूचे चंद्र दिसले, अणू दिसले. या तिन्ही ‘दिसले’चे अर्थ वेगवेगळे आहेत आणि वर्गातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी नेमके तिथेच बोट ठेवते. येथे अशाच एका ‘दिसले’ची जरा कसून तपासणी करायची आहे.

२०२२ साली ‘नेचर फिजिक्स’ या नियतकालिकात इस्राएलच्या वाइझमान संस्थेतील गटाचा एक शोधनिबंध आला. त्याचे शीर्षक मराठीत साधारण असे होईल : ‘सापेक्षतावादी, भंग पावलेल्या प्लाझ्मा-लाटांचे थेट निरीक्षण’. त्याआधी २०१७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये चीनमधील चिंगह्वा विद्यापीठाच्या गटाने असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्याच्या लेखकांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील चंद्रशेखर जोशी हेही आहेत. हे मूळचे महाराष्ट्रातले; प्लाझ्मा-त्वरकांच्या क्षेत्रातले ते एक अग्रणी मानले जातात. दोन्ही प्रयोगांतली कल्पना एकच. लेसरने प्लाझ्मात उठवलेल्या लाटेवर आडवा इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा, आणि पलीकडच्या पडद्यावर तो कसा उमटतो ते पाहून लाटेतील क्षेत्राचा अंदाज बांधायचा.

प्रयोग अव्वल दर्जाचे आहेत, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप ‘थेट’ या शब्दाला आहे. अशा प्रयोगांना लोकांसाठी लिहिणारे सर्रास ‘लाटेचा फोटो’ म्हणतात, त्याला तर जास्तच. पण आक्षेप पटायचा तर आधी लाट कसली ते पाहायला हवे.

टोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी १९७९ साली सुचवले, की अतितीव्र लेसरचा आखूड स्पंद प्लाझ्मातून गेला तर होडीमागे लाट उठावी तशी त्याच्यामागे इलेक्ट्रॉनांची लाट उठेल, आणि तिच्यातील विद्युतक्षेत्र वापरून कणांना वेग देता येईल. त्या वेळी एवढे तीव्र आणि आखूड स्पंद सहज मिळत नव्हते. १९८५ साली डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी ते मिळवण्याची युक्ती काढली (तिला २०१८चे नोबेल मिळाले) आणि मग या कल्पनेने जोर धरला. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डचा सरळ रेषेतील त्वरक ३.२ किलोमीटर लांबीत इलेक्ट्रॉनांना ५० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देत असे. भागाकार केला तर मीटरमागे दीड कोटी व्होल्टच्या आसपास येतात. २०१९ साली बर्कले येथील गटाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्लाझ्माने अवघ्या २० सेंटिमीटरमध्ये ७.८ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट दिले, म्हणजे मीटरमागे सरासरी ३९ अब्ज व्होल्ट. धातूच्या पोकळीत एवढे क्षेत्र उभे केले तर ठिणग्या पडून सगळेच संपेल. प्लाझ्मा आधीच ‘मोडलेला’ असतो, त्याला मोडण्याची भीती नाही.

ही लाट समजावताना सर्वत्र एकच उपमा दिली जाते : फळीवर उभा राहून समुद्राच्या लाटेवर घसरणारा खेळाडू. ही उपमा अर्धीच उपयोगी आहे. कणाने लाटेच्या बरोबरीने धावले पाहिजे एवढे तिच्यातून कळते. पण समुद्रात लाटेबरोबर ऊर्जा पुढे सरकत असते. थंड प्लाझ्मात तसे काही होत नाही. तिथला प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या जागेच्या आसपास मागेपुढे झुलतो, शेजाऱ्याला काही देत नाही. त्याच्या झुलण्याचा वेग फक्त तिथल्या घनतेवर ठरतो. घनता जास्त असेल तर झोका जलद. लेसरचा स्पंद जाता जाता एकेकाला टपली मारतो. पहिला आधी झुलू लागतो, दुसरा मागाहून, तिसरा त्याच्याही मागाहून, आणि आपल्याला लाट धावल्याचा भास होतो. तेव्हा समुद्राऐवजी ओळीने टांगलेले लंबक डोळ्यांसमोर आणावेत. ते शाळेत करून दाखवता येतात आणि पुढे लागणारही आहेत.

आता आकडे. एका घन सेंटिमीटरमध्ये १०^१८ इलेक्ट्रॉन असतील (हवेतील रेणूंच्या संख्येच्या सुमारे सत्ताविसावा भाग) तर लाटेची लांबी ३३ मायक्रोमीटर येते आणि एक झोका सुमारे ११० फेमटोसेकंदांत पुरा होतो. क्षेत्र मीटरमागे ९६ अब्ज व्होल्टच्या घरात जाऊ शकते. घनता दहापट कमी केली तर लांबी १०५ मायक्रोमीटर, म्हणजे जाडसर केसाइतकी. अशी ही वस्तू केसाएवढी, क्षणभंगुर आणि प्रकाशाच्या वेगाने पुढे सरकणारी.

मग तिची जी सुंदर रंगीत चित्रे छापली जातात, निळ्या पार्श्वभूमीवर पोकळ बुडबुडा आणि त्यात लाल ठिपका, ती कुठून आली? बहुतेक सर्व संगणकाने काढलेली आहेत. कोट्यवधी काल्पनिक कणांना मॅक्सवेलच्या समीकरणांनुसार हलवून मिळालेली ती आकृती असते. त्यात गैर काही नाही. पण चित्राखाली तसे लिहिलेले क्वचितच आढळते, आणि वर्षानुवर्षे अशी चित्रे पाहून लाट प्रत्यक्ष पाहिल्याचा समज होतो. या क्षेत्राची खरी अडचण इथे आहे. यंत्रातून बाहेर पडणारा इलेक्ट्रॉनांचा झोत मोजता येत होता, आत शिरणारा लेसर मोजता येत होता, मधले सगळे संगणकावर विसंबून होते. म्हणूनच आत डोकावणाऱ्या प्रयोगांना एवढे महत्त्व आहे. ते संगणकाच्या चित्राला स्वतंत्र साक्षीदार ठरले पाहिजेत. आणि साक्षीदार स्वतंत्र हवा, तर त्याचे म्हणणे समजून घेण्यासाठी पुन्हा त्याच संगणकाच्या चित्राचा आधार घेता कामा नये.

पहिले साक्षीदार प्रकाशाचे होते. २००६ साली टेक्सासमधील मायकेल डाउनर यांच्या गटाने लाटेवरून दुसरा, सौम्य लेसर-स्पंद नेऊन तिची आकृती मिळवली. पण प्रकाशाला क्षेत्र कळत नाही. त्याला इलेक्ट्रॉनांची दाटी-विरळी कळते, तीही अपवर्तनांकातील फरकातून. नेहमीच्या लेसरसाठी १०^१८ घनतेला हा फरक दहा हजारांत तीन भाग, आणि घनता दहापट उतरली की लाखात तीन भाग. विरळ प्लाझ्मात प्रकाशाची नजर अधू होते ती अशी. प्रोटॉनही वापरून झाले. ते क्षेत्राने वळतात, पण फार संथ. एक कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन ३० मायक्रोमीटर रुंदीची लाट ओलांडायला सुमारे ७०० फेमटोसेकंद घेतो. तेवढ्यात विरळ प्लाझ्मातल्यासुद्धा दोन अख्ख्या लाटा त्याच्या अंगावरून जातात.

उरला इलेक्ट्रॉन. काही कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतो, आणि काही फेमटोसेकंदांचा आखूड झोत हवा असेल तर तो देणारे यंत्र म्हणजे पुन्हा प्लाझ्मा-त्वरकच! एकाच लेसरमधून किरण वेगळे काढायचे, एकाने लाट उठवायची, दुसऱ्याने तपासणीचा झोत निर्माण करायचा. काट्याने काटा काढावा, तसे.

बारावीच्या मुलांना ही पद्धत नवी नाही. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी दोन पट्ट्यांमधील माहीत असलेल्या क्षेत्राने कॅथोड किरण वळवले आणि त्यावरून अज्ञात कणाचा शोध घेतला. इथे कण माहीत आहे, क्षेत्र अज्ञात आहे. गणित तेच, उलट्या बाजूने. उदाहरणादाखल मीटरमागे एक अब्ज व्होल्ट क्षेत्र आणि ३० मायक्रोमीटर रुंदी घेतली, तर आडवा धक्का ३० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा बसतो. झोताची ऊर्जा ६ कोटी असेल तर वळण दोन हजारांत एक भाग. १० सेंटिमीटर पुढे ठेवलेल्या पडद्यावर इलेक्ट्रॉन ५० मायक्रोमीटर बाजूला पडेल.

पण पडद्यावर इलेक्ट्रॉन ‘मी मूळचा कुठला’ हे सांगत नाही. सगळे सारखेच वळले तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. शेजारी-शेजारी असलेले इलेक्ट्रॉन कमी-जास्त वळले तरच कुठे गर्दी होते, कुठे जागा रिकामी राहते. म्हणजे पडद्यावरचे उजळ-काळे पट्टे क्षेत्र दाखवत नाहीत. क्षेत्र जागेगणिक किती बदलते ते दाखवतात. उन्हाळ्यात भरलेल्या हौदाच्या तळाशी उन्हाची जाळी हलताना आपण सर्वांनी पाहिली आहे. ती पाण्यावरच्या तरंगांमुळेच पडते, पण तरंगांसारखी दिसत नाही. तरंग भिंगासारखे काम करून प्रकाश एका जागी गोळा करतात, तिथे रेघ उमटते. तळ थोडा खोल असता तर त्याच तरंगांची जाळी निराळी पडली असती. वरच्या उदाहरणात १०५ मायक्रोमीटर लांबीची लाट घेतली, तर पडदा तीन-साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे नेताच शेजारच्या इलेक्ट्रॉनांचे मार्ग एकमेकांना छेदू लागतात. एकदा मार्ग छेदले, की पडद्यावरच्या एकाच चित्राला एकाहून अधिक क्षेत्रे शोभू शकतात. त्यात वस्तू तीन मितींची आणि चित्र दोन मितींचे. लाट आसाभोवती सगळीकडून सारखी आहे असे गृहीत धरून पुढे जावे लागते. तीव्र लाटेत चुंबकीय क्षेत्रही असते. बसलेल्या धक्क्यात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा वाटा किती किती, हे एकाच बाजूने पाहून वेगळे करता येत नाही.

याहून नाजूक मुद्दा पुढेच आहे, आणि लोकांसाठी लिहिलेल्या लेखांत तो माझ्या तरी वाचनात आलेला नाही. झोत दोन-तीन फेमटोसेकंदांचा केला की चित्र स्वच्छ येईल, असे वाटते. कॅमेऱ्याचे झाकण क्षणभरच उघडावे तसे. पण तपासणारा इलेक्ट्रॉन आणि लाट यांचा वेग जवळजवळ एकच आहे. इलेक्ट्रॉन ३० मायक्रोमीटर आडवा जाईपर्यंत लाट ३० मायक्रोमीटर पुढे गेलेली असते. झोत कितीही आखूड करा, यात फरक पडत नाही, कारण हे धूसरपण ओलांडण्याच्या वेळेमुळे येते. लाटेची लांबी १०५ मायक्रोमीटर असेल तर फार बिघडत नाही. मात्र ती ३३ मायक्रोमीटर असेल, तर आत शिरताना इलेक्ट्रॉनाला बसलेला धक्का बाहेर पडेपर्यंत बहुतांशी उलट फिटून जातो. क्षेत्र प्रचंड असूनही पडदा जवळपास कोराच राहील!

इथे हाइन्रिश हर्ट्झ आठवतात. थॉमसनच्या आधी, १८८३ साली, त्यांनीही कॅथोड किरण विद्युतक्षेत्राने वळतात का ते पाहिले होते. वळले नाहीत. त्यांनी निष्कर्ष काढला, की या किरणांवर विद्युतप्रभार नाही. पुढे थॉमसनने दाखवले, की नळीत उरलेला वायू किरणांमुळेच वाहक बनत होता आणि पट्ट्यांचे क्षेत्र आतल्या आत झाकून टाकत होता. हर्ट्झचे निरीक्षण अगदी ‘थेट’ होते. मधल्या एका पायरीने त्यांना फसवले.

मग या प्रयोगांवर विश्वास ठेवायचा की नाही? २०१७च्या निबंधावर मी ठेवतो, आणि त्याचे कारण त्यातल्या चित्रांचा देखणेपणा हे नाही. त्यांनी तपासणीसाठी जी जागा निवडली, तिच्यामुळे हा प्रश्न बराचसा सुटला. वायू सुरू होतो तिथे घनता हळूहळू चढत जाते. त्या चढावर लेसर जसजसा पुढे जाईल तसतसे अधिक जलद झुलणारे इलेक्ट्रॉन भेटतात. आता लंबकांकडे वळू. एका दांडीला नऊ लंबक टांगा. पहिल्याची लांबी १०० सेंटिमीटर, पुढच्याची ९५, मग ९०, अशी शेवटच्याची ६०. (लांबी गोळीच्या मध्यापर्यंत मोजावी, आणि गोळ्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून झोके ओळीला आडवे द्यावेत.) सगळ्या गोळ्या एका फळीने एका बाजूला अडवून धरा आणि फळी लांब लंबकाकडून आखूड लंबकाकडे दोन सेकंदांत ओढून घ्या. फळी हाच आपला लेसर. ती निघाली तेव्हा ओळीत साधारण एक पूर्ण लाट दिसेल, पुढे धावणारी. पण पहिला लंबक आधी सुटला तरी संथ आहे, शेवटचा उशिरा सुटला तरी चपळ. तो मागचे अंतर भरून काढू लागतो. लाट ताणली जाते, लांबते, आणि फळी ओढायला सुरुवात केल्यापासून नवव्या सेकंदाच्या सुमारास सगळे लंबक जवळजवळ एकाच तालात झुलताना दिसतात. लाट नाहीशी होते. त्यानंतर आखूड लंबक पुढे निघून जातात, आणि सोळाव्या सेकंदाच्या आसपास पुन्हा एक पूर्ण लाट दिसते, पण या वेळी उलट दिशेला धावणारी.

प्लाझ्माची लाट अगदी असेच वागली. लेसर गेल्यानंतर थांबण्याचा वेळ वाढवत नेला तशी पट्ट्यांमधील अंतरे बदलली, आणि लाट उलटली. हा पुरावा पक्का का? कारण पट्ट्यांमधील अंतर मोजायला क्षेत्राची तीव्रता माहीत असावी लागत नाही. धक्का लहान असो, मोठा असो, धूसरपणामुळे थोडा फिटलेला असो, पट्टे लाटेच्याच अंतराने पडतात. आणि लाट कधी उलटावी हे घनतेच्या चढावरून कागद-पेन्सिलने काढता येते, त्याला महासंगणक लागत नाही. साक्षीदार स्वतंत्र असतो तो असा. समुद्राची उपमा घेऊन बसलेल्या वाचकाला मात्र ही उलटी लाट चमत्कार वाटेल.

२०२२च्या निबंधाचा विषय अधिक अवघड. लाट फार उंच झाली की झुलणारे इलेक्ट्रॉन एकमेकांना ओलांडून जातात, लंबकांची शिस्त मोडते, लाट ‘भंगते’. त्वरकासाठी हीच अवस्था मोलाची, कारण भंगताना काही इलेक्ट्रॉन लाटेच्या पकडीत येऊन वेग घेतात. तिथे सोपे गणित चालत नाही. मोजलेल्या चित्राशेजारी संगणकाने काढलेले चित्र ठेवून दोन्ही जुळतात असे दाखवावे लागते. ही या क्षेत्रातली रूढ पद्धत आहे आणि ती त्याज्य नाही. पण न जुळणारी गोष्ट नजरेतून सुटण्याचा धोका इथेच सर्वांत जास्त, आणि ‘थेट’ हा शब्द नेमका याच निबंधाच्या शीर्षकात बसला आहे. इलेक्ट्रॉन बलालाच प्रतिसाद देतो, प्रकाशासारखा घनतेच्या आडवाटेने येत नाही, एवढ्या अर्थाने तो शब्द मी मान्य करीन. त्यापुढे नाही.

चित्रांच्या मालिकेबद्दलही एक सांगायला हवे. झोत एकदाच जातो, एकच चित्र देतो. पुढचे चित्र हवे असेल तर नवा वायू, नवा लेसर-स्पंद, नवी लाट. ती आधीच्या लाटेसारखी असेल अशी आशा करायची. चित्रे ओळीने लावून जो चलत्‌पट दाखवतात, तो एका लग्नाचा अल्बम नसतो. शंभर लग्नांतला एकेक फोटो घेऊन तो जुळवलेला असतो. लेसर स्थिर असेल तर अल्बम पटतो. पण लाट दर वेळी किती बदलते हे जाणून घेण्यासाठीच तर त्वरकवाल्यांना आत डोकावायचे आहे!

तेव्हा हे चित्र फलकावर लावायचे झाले तर त्याखाली मी अशी ओळ लिहीन : ‘लेसर पुढे गेल्यावर प्लाझ्मातील लाट आडवी ओलांडून आलेल्या इलेक्ट्रॉनांचा पडद्यावरील ठसा. पट्ट्यांमधील अंतर मोजलेले. क्षेत्राचे आकडे गणिताने काढलेले. शेजारचे रंगीत चित्र संगणकाचे.’ ओळ लांब होते खरी. अक्षर बारीक काढावे लागेल.